साठ वाव

दोर वळणाऱ्याला पोटासाठी उलटं चालावं लागतं. कमरेला वाखाचा भारा गुंडाळायचा, त्यातले तंतू दोन्ही हातांनी सोडत एकेक पाऊल मागे टाकायचं, आणि समोर चाकाशी बसलेल्या माणसाने चाक फिरवत राहायचं, म्हणजे तंतूंना पीळ चढत जातो. मागे वळून बघायचं नाही. बघितलं की हात ढिला पडतो आणि पदर कुठे जाड, कुठे बारीक होतो. दोरवाल्याने तीस वर्षांत एकदाही मागे बघितलं नव्हतं, आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

चाकाशी त्याची बायको बसायची. म्हणजे तीस वर्षं तिने दिवसभर एकच गोष्ट बघितली होती: नवरा तोंड तिच्याकडे करून तिच्यापासून लांब लांब जातोय. इतर बायकांचे नवरे घराबाहेर पडताना पाठ तरी दाखवतात. हिच्या नवऱ्याच्या कपाळावरची आठी न् आठी तिला पाठ होती. कुठली आठी उन्हाची, कुठली भुकेची, कुठली गिऱ्हाइकाच्या नावाची, हे ती चाकावरून न उठता सांगू शकली असती.

म्हणून या हंगामात एक नवीन आठी दिसायला लागली, तेव्हा ती सगळ्यात आधी तिलाच दिसली.

बंद पडलेल्या एका गोदामाची लांबलचक मागची भिंत होती. तिला ना खिडकी, ना दार. त्या भिंतीच्या कडेने दोरवाल्याची चालायची पट्टी. चाकापासून शेवटच्या खुंटापर्यंत साठ वाव. दोन्ही हात पसरले की एक वाव, आणि तो दोरवाल्याच्या हातांनी मोजलेला. दर दहा वावांवर एक खुंट, पदर जमिनीला लागू नये म्हणून. साठ वावांचे तीन पदर एकत्र वळले की आखडून पन्नास वावांचा दोर होतो. आसपासच्या सगळ्या नावाड्यांना हे ठाऊक होतं. त्याचा दोर कोणी मोजून घेत नसे. मोजला तर दोरवाल्याला राग यायचा, आणि त्याचा राग म्हणजे नाकाच्या शेंड्यावर बसलेला पक्षी, कधी उडेल नेम नाही.

पाचवा खुंट ओलांडला की दोरवाला थांबायला लागला.

"गुंता!" तो लांबून ओरडायचा. भाऱ्यात बोटं घालायचा, काहीतरी सोडवल्यासारखं करायचा. ती चाक थांबवायची. दोन मिनिटांनी तो ओरडायचा, "हं, चालू दे!"

गुंता कसला न् काय! वाख तिने स्वतः विंचरलेला. केसाची बट गुंतेल, पण तिने विंचरलेला वाख गुंतणार नाही. तिला दिसायचं ते वेगळंच. तो डाव्या पायावर भार टाकत नव्हता. पोटरीत कोणी मूठ आवळावी तसं तोंड करायचा आणि उभ्या जागी ओठ चावायचा. थांबला की कळ जायची, चालला की पुन्हा त्याच जागी यायची.

"अहो, पाय दाखवून या ना एकदा," ती म्हणाली.

"पायाला काय धाड भरलीय?"

"मग थांबता कशाला?"

"वाख खराब आहे यंदाचा."

"वाख मी विंचरते."

"मग विंचरणारी खराब आहे," असं म्हणून त्याने सिगरेट पेटवली. दिवसाला दोन पाकिटं संपायची. नदीचं पाणी चढायच्या आत सगळ्या नावाड्यांना नवे दोर हवे असतात. वाख कोरडा, हवा कोरडी, हेच काय ते कमाईचे दीड-दोन महिने. या दिवसांत दोरवाल्याला सर्दीसुद्धा परवडत नसे, मग डॉक्टर कुठला?

पण तो चिडचिडा झाला. जेवताना उठायचा, पुन्हा बसायचा. दुपारी आडवा झाला की कूस बदलायचा. रस्त्याने जाणारा एक गाडीवान एकदा हसून म्हणाला, "काय दोरवाले, गाडी मध्येच बंद पडते की काय?" त्या दिवशी दोरवाल्याने चांगला वळलेला पदर रागाने कापून टाकला आणि संध्याकाळपर्यंत बायकोशी बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी तो बाजारात गेला. ती एकटी चाकाशी बसून पट्टीकडे बघत राहिली. वारा सुटला होता, धूळ भिंतीला घासत होती. मग ती उठली, पहार घेतली आणि शेवटचा खुंट उपटला.

तीन वाव अलीकडे तिने नवा खड्डा घेतला. खुंट ठोकला. मग वाटलं, एकच सरकवला तर अंतर चुकेल, लक्षात येईल. म्हणून बाकीचे पाचही थोडे थोडे अलीकडे घेतले. जुने खड्डे बुजवले, वर धूळ पसरली. शेवटच्या खुंटाशी एक उलटं पिंप होतं, दोरवाला त्यावर बसून सिगरेट ओढायचा. तेही लोटत आणलं. सगळं झाल्यावर तिला चोरी केल्यासारखी धडधड सुटली. आपल्याच अंगणात, आपल्याच नवऱ्याची चोरी!

तिचा हिशोब साधा होता. एक दिवस तरी त्याला न थांबता खुंट गाठू दे. एक दिवस घरात शांतता नांदू दे. मग चांगल्या मूडमध्ये असताना डॉक्टरचं काढू.

परत आल्यावर दोरवाला पहिल्याच फेरीत शेवटच्या खुंटाला टेकला. कळ यायच्या बेतात होती, तेवढ्यात खुंट आला. त्याने तिथून दोन्ही हात वर केले.

"बघितलंस? उगाच डॉक्टर डॉक्टर करत होतीस! पाय आहे, कधी रुसतो, कधी हसतो!"

ती हसली. काय करणार? झाकली मूठ उघडायची कशी? त्या रात्री त्याने जेवताना लेकीच्या लहानपणीचा एक विनोद सांगितला, आणि ती हसता हसता मनात म्हणत होती, उद्या सांगते, उद्या सांगते.

उद्या काही आला नाही. बारा दिवसांनी त्याला पुन्हा गुंता सापडायला लागला. तिने पुन्हा पहार घेतली. या वेळी दोन वाव. मग आणखी पंधरवड्याने अजून तीन. आता पट्टी बावन्न वावांची झाली होती, आणि दोरवाला रोज खुंट गाठत होता, आणि रोज म्हणत होता, "पाय सुधारतोय."

पाय काही सुधारत नव्हता. त्याच्या डाव्या नडगीवरचे केस गेले होते, कातडी गुळगुळीत चकाकायला लागली होती. पाय हाताला गार लागायचा. करंगळीला चप्पल घासून बारीकशी जखम झाली, ती भरेचना. हळद लावली, मलम लावलं, जखम कडेने काळी पडत गेली. रात्री तो पाय खाटेवरून खाली सोडून बसायचा. खाली लोंबकळला की जरा बरं वाटतं म्हणायचा. ती अंधारात जागी असायची. तिला वाटायचं, आत्ता बोलावं. पण काय बोलायचं? तुम्ही बरे होत नाही आहात, मी तुम्हाला बरं केल्याचं सोंग करतेय, असं?

मग एका सकाळी नावाडी आला.

हा नावाडी म्हणजे दोरवाल्याचा जुना दोस्त. नदीच्या या काठापासून त्या काठापर्यंत दोर बांधलेला असायचा, त्याला धरून तो होडी ओढून न्यायचा. पन्नास वाव, काठाला काठ. तो खांद्यावर नव्या दोराचं वेटोळं घेऊन आला आणि त्याने ते चाकापुढे धपकन टाकलं.

"गड्या, नदी रुंद झाली की तुझे हात आखूड झाले?"

"काय झालं?"

"काय झालं म्हणे! मी या काठाला बांधला, होडीत बसून पलीकडे निघालो, आणि दोर संपला! मी भर पाण्यात हातात दोराची शेंडी धरून बसलोय, आणि दोन्ही काठांवरची माणसं पोट धरून हसतायत. अकरा माणसं होती, मी मोजली."

दोरवाला खाली वाकला. वेटोळं सोडलं आणि हात पसरून मोजायला लागला. एक वाव, दोन वाव. नावाडी चाकाशेजारी उकिडवा बसला. ती चाकाशी उभी राहिली. एकेचाळीस, बेचाळीस, त्रेचाळीस. आणि जेमतेम एक हात.

"सात वाव खाल्लेस," नावाडी म्हणाला. "दुसऱ्या कोणी केलं असतं तर मी चोर म्हटलं असतं."

चोर! तिच्या नवऱ्याला! तिला राहवलं नाही.

"त्यांनी नाही केलं. खुंट मी सरकवले."

दोघंही तिच्याकडे बघायला लागले. तिने एका दमात सगळं सांगितलं. पोटरी, गुंता, पहार, पिंप, सगळं. नावाडी उठला आणि पट्टीच्या टोकाच्या पिंपाकडे संशयाने बघायला लागला.

दोरवाल्याचं तोंड लाल झालं. "तुला कोणी सांगितलं होतं? अं? तीस वर्षांचं नाव माझं! तू मातीत घातलंस! बाईच्या हातात पट्टी दिली की असंच होणार!"

तिने खाली मान घातली. नावाड्यासमोर ती एवढी कधीच लहान झाली नव्हती.

"आत्ता बघ," दोरवाला म्हणाला. "आत्ता चालून दाखवतो पुरे साठ!"

भारा बांधला नाही, काही नाही, नुसताच उलटा चालायला लागला. दुसरा खुंट गेला. तिसरा गेला. चौथ्याच्या अलीकडे तो थांबला. आज गुंता म्हणायला भाराही नव्हता. त्याने भिंतीला हात टेकला आणि चप्पल काढून पाय हवेत धरला. करंगळीचा शेंडा कोळशासारखा झाला होता. नावाडी धावत गेला, त्याला धरून चाकापाशी घेऊन आला, आणि तो पाय बघून हसणं विसरला.

"अरे, हे काय आहे? हे कधीपासून?"

"दोर पुरा करून देतो," दोरवाला म्हणाला. "आठ वावांचा तुकडा वळतो, सांधा मारून देतो. चल गं, चाकाला लाग."

ती जागची हलली नाही.

"ऐकू येत नाही का?"

"येतंय. चाक नाही फिरणार."

"काय?"

"मी लबाडी केली, ती माझी. पण आता डॉक्टरकडे गेल्याशिवाय या चाकाला मी हात लावणार नाही. आणि माझ्याशिवाय कोण फिरवतं ते बघतेच." असं म्हणून तिने चाकाचा दांडा उपसून पदराखाली धरला. 

नावाडी हळूच म्हणाला, "दोर मी सांधून घेईन कुठल्या तरी जुन्या तुकड्याने. तू जा."

शहरात लेक शिवणकाम करायची. तिच्याकडे उतरून दुसऱ्या दिवशी तिघं दवाखान्यात गेली. लेकीने बापाचा पाय बघितला आणि आईवर डाफरली, "इतके दिवस काय करत होतीस तू?" आई काय सांगणार? खुंट सरकवत होते म्हणून?

डॉक्टरीणबाई लेकीच्याच वयाची होती. तिने आधी दोन्ही पावलांवर बोटं ठेवली, घोट्याशी, गुडघ्यामागे, जांघेत. मग दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला, मग तसाच घोट्याला. पेनासारखं एक यंत्र पावलावर धरलं. उजव्या पायातून आवाज आला, घुर्र, घुर्र, घुर्र, जोरात फिरणाऱ्या चाकासारखा. डाव्यातून नुसती कुजबुज.

बायकोने तो आवाज ऐकला आणि तिचे डोळे भरून आले. फिरून दमलेलं चाक कसं वाजतं, हे तिच्याहून कोणाला कळणार?

"डाव्या पायात दाब निम्म्यापेक्षा कमी आहे," डॉक्टरीणबाई म्हणाली. "मांडीतली धमनी अरुंद होत होत एका जागी बंद झालीय. बसलेल्या पायाला रक्त कसंबसं पुरतं, चालणाऱ्याला पुरत नाही. म्हणून पोटरी दुखत होती. आता बसलेल्यालाही पुरेनासं झालंय. वाट मोकळी नाही केली, तर पाय जाईल."

"अख्खा?" लेकीने विचारलं.

"हो."

 दोरवाला आपल्या गुडघ्याकडे बघत होता, दुसऱ्या कोणाचा गुडघा असावा तसा.

"जांघेतून बारीक तार आत घालू. बंद जागेतून पलीकडे नेऊ, तिच्यावरून फुगा नेऊन तिथे फुगवू, आणि वाट पुन्हा मिटू नये म्हणून धातूची जाळीदार नळी बसवू. तिला स्टेंट म्हणतात. तेवढीच जागा बधिर करू, तुम्ही जागे असाल."

दोरवाल्याने मान वर केली. "जाळी विणलेली असते?"

"बहुतेक नळीलाच बारीक चिरा पाडलेल्या असतात."

"म्हणजे पीळ नाही तिला."

"तुमच्यात आहे तेवढा पुरे, बाबा," लेक म्हणाली. "सुंभ जळेल, पण..." आणि पुढचं तिला बोलवेना, रडायलाच लागली.

"सिगरेट?" डॉक्टरीणबाईने विचारलं.

"थोडी."

"दोन पाकिटं," बायको म्हणाली. आता ती कुठलंही अंतर कमी करून सांगणार नव्हती.

"मी वाट उघडीन, पण सिगरेट ती पुन्हा बुजवील. ती आजपासून बंद. आणि करंगळीचं खरं सांगते, तिची आशा कमी आहे. दोन महिने आधी आला असता तर वाचली असती."

ते दोन महिने बायकोच्या छातीत जाऊन बसले. त्याला आत नेल्यावर दवाखान्याच्या बाकावर तिला बसवेना, उभं राहवेना. दार उघडलं की ती उठायची, बंद झालं की बसायची. समोरची भिंतही लांब आणि कोरी होती. लेकीने आणलेला चहा हातात गार झाला. पाय गेला तर? उलटं चालायला दोन पाय लागतात. एका पायाचा दोरवाला कोणी बघितलाय? आणि तो कायमचा बसलेला असताना आपण कुठल्या तोंडाने समोर बसणार?

दोन तासांनी त्याला बाहेर आणलं. "वाट उघडली," डॉक्टरीणबाईने सांगितलं. "पाय गरम होतोय. बघा हात लावून."

तिने हात लावला. पाऊल कोमट होतं. फार नाही, सकाळी पांघरुणातून बाहेर काढलेल्या पायासारखं. तिने हात काढलाच नाही.

सहा तास पाय सरळ ठेवून उताणं पडायचं होतं. लेक औषधं आणायला गेली. दोरवाला छताकडे बघत पडून राहिला. उताण्या माणसाला तोंड फिरवायलाही जागा नसते.

"पडद्यावर दिसत होतं मला," तो म्हणाला. "काळी रेघ खाली यायची आणि एका जागी तुटायची. मग फुगा गेला, मग पुन्हा बघितलं तर रेघ सरळ खाली. पार घोट्यापर्यंत."

"बोलू नका फार."

 तो छताकडेच बघत म्हणाला, "मला माहीत होतं."

"काय?"

"खुंटाचं."

तिचा हात पायावरच थबकला.

"पहिल्यांदा नाही कळलं. दुसऱ्यांदा कळलं. शेवटच्या खुंटाशी मातीचा रंग निराळा होता, ताजं खणल्यासारखा. म्हटलं, ही करतेय काहीतरी. मग म्हटलं, असू दे. खुंट लवकर येतोय तर येऊ दे. मला भीती वाटत होती गं. डॉक्टरकडे गेलं की कापतील असं वाटायचं. वाटलं होतं, दोर चार-पाच वाव कमी भरेल, नावाड्यांना कळणारही नाही. तू तिसऱ्यांदा सरकवलेस ते तेवढं नाही कळलं."

तिला हसू आलं, आणि ते ओठांवर यायच्या आत संताप आला.

"आणि त्या नावाड्यासमोर मला नाही नाही ते बोललात ते? बाईच्या हातात पट्टी दिली की म्हणे! माहीत असून?"

दोरवाल्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे गेलं. तिने ते पुसलं नाही. पुसावंसं वाटलं, पण पुसलं नाही. पायावरचा हात मात्र तिथेच ठेवला.

करंगळी गेली. पाय राहिला. जखम भरायला बरेच आठवडे लागले, आणि तोवर नदीचं पाणी चढून उतरूनही गेलं. नावाडी भेटायला यायचा. सांधा टिकलाय, म्हणायचा, फक्त तिथून हात नेताना तुझी आठवण येते आणि तळहाताला खरचटतं. दोरवाला रोज चालायचा. डॉक्टरीणबाईने सांगितलं होतं, दुखेपर्यंत चाला, थांबा, कळ गेली की पुन्हा चाला. सिगरेटच्या जागी वाखाचा तुकडा चघळायचा आणि सगळ्या जगावर करवादायचा. सुंभ जळला नव्हता, आणि पीळही गेला नव्हता.

कोरडी हवा सुरू झाली त्या सकाळी तो म्हणाला, "पहार आण."

दोघांनी मिळून सहाही खुंट उपटले. जुने खड्डे बुजलेले होते, पण हाताला माती भुसभुशीत लागली की ती सांगायची, "इथे." त्याने हात पसरून मोजून घेतलं. बरोबर साठ. पिंप त्याने स्वतः लोटत नेलं. मग कमरेला भारा बांधला, चाकाच्या आकड्याला तंतू अडकवले. तिने चाकात दांडा घातला.

तो निघाला. तोंड तिच्याकडे, पाऊल मागे. पहिला खुंट, दुसरा, तिसरा. ती त्याच्या कपाळाकडे बघत होती. चौथा गेला. पाचवा गेला. पाचव्याच्या पुढे ती ओळखीची आठी पडली. पाऊल अडखळलं. तो थांबला.

रस्त्यावर तोच गाडीवान चालला होता. त्याने गाडीचा वेग कमी केला आणि मान वळवली. चाक तिच्या हातात अर्धवट फिरून थांबलं. तिच्या कानांनी गेल्या हंगामाच्या सवयीने आधीच तयारी केली होती. आता ओरडेल, गुंता.

दोरवाल्याने गाडीवानाकडे बघितलं. मग तिच्याकडे. आणि मग पट्टीच्या त्या टोकावरून, साऱ्या रस्त्याला ऐकू जाईल असं ओरडला,

"दुखतंय!"

"बरं!" ती या टोकावरून ओरडली, आणि चाकावरचा हात काढून मांडीवर ठेवला. "थांबा तिथेच. मी थांबलेय."